ब्रेक ऑइल हे तेल नव्हे : पॅड, डिस्क आणि तुमचे प्रश्न

पावसाळाभर गाडी पांदणीच्या चिखलातून निघालेली असते. मग सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची वावरातली पूजा) होते, कापूस घरात यायला लागतो, जिनिंगच्या आणि तालुक्याच्या चकरा वाढतात आणि नेमके तेव्हाच ब्रेक ओरडायला लागतात. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवत आलो आहे. दरवर्षी या दिवसांत माझ्याकडे तेच ते प्रश्न येतात, म्हणून या वेळी सगळ्यांना एकत्रच उत्तरं देतो. घरी काम करायला माझी हरकत नाही. ऐकीव माहितीवर ब्रेकला हात लावायला आहे.

प्रश्न : सर, मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. अर्ध्या तासाचं काम दिसते. माझी २०१५ ची स्विफ्ट आहे. समोरचे पॅड घरीच बदलले तर चालते का? (आर्णी)

उत्तर : चालतं. पण व्हिडिओतली गाडी फरशीवर उभी असते आणि तुमची अंगणात, काळ्या मातीवर. ही जमीन वरून दगडासारखी कडक दिसते, पण जॅकवर गाडीचा भार आला की त्याचा पाया आत रुततो, गाडी तिरपी होते आणि जॅक निसटतो. म्हणून सिमेंटचा ओटा किंवा गोडाऊनची फरशी शोधा. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घ्या. गाडीसोबत आलेला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. गाडी उचलली की तिच्याखाली जॅक स्टँड लावा आणि काढलेलं चाकही बाजूच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा. विटांची चवड लावून काम करणारे मी पाहिलेत. वीट फुटायच्या आधी इशारा देत नाही. विटा नकोत, सिमेंटचे पोकळ ब्लॉकही नकोत.

चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतो तो कॅलिपर, आणि त्यातला पिस्टन ऑइलच्या दाबाने पॅड ढकलतो. कॅलिपर पूर्ण काढलात तर तो रबरी होजवर (ऑइलच्या नळीवर) लोंबकळत ठेवू नका, तारेने वरच्या स्प्रिंगला बांधा. होज आतून फाटला तर बाहेरून दिसत नाही. पिस्टन आत ढकलण्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीत किती ऑइल आहे ते पाहा. काठोकाठ असेल तर थोडं काढून घ्या, नाहीतर ते उतू जाऊन रंग खाईल. सांडलंच तर लगेच पाणी ओता. पिस्टन सी-क्लॅम्पने हळूहळू ढकला, हातोडीने नाही. आणि काम चालू असताना लहान पोरांना गाडीत बसू देऊ नका. एकाने गंमत म्हणून पेडल दाबलं तर पिस्टन बाहेर येऊन पडेल, मग ते काम घरचं राहत नाही. तिथली काळी भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पंपाने उडवू नका. स्वस्त पॅडांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, असं धरूनच ओल्या फडक्याने पुसा.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. पॅड नवे टाकतात आणि कॅलिपरच्या पिना तशाच ठेवतात. कॅलिपर या दोन पिनांवर सरकतो. पांदणीचा चिखल आणि पावसाचं पाणी फाटक्या रबरातून आत गेलं की पिना गंजतात, कॅलिपर सरकायचा थांबतो आणि आतल्या बाजूचा पॅड एकटाच झिजत राहतो. चाकाच्या फटीतून तुम्हाला दिसतो बाहेरचा पॅड. तो जाड असतो, म्हणून तुम्ही निश्चिंत. आत मात्र लोखंडाला लोखंड लागलेलं. पिना काढा, पुसा, त्यांची रबरं तपासा आणि ब्रेकसाठी मिळतं तेच सिलिकॉन ग्रीस लावा. ट्रॅक्टरच्या बेअरिंगचं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

पहिल्या वेळी मात्र जाणता मेकॅनिक शेजारी उभा ठेवा, त्याची मजुरी द्या. दुसऱ्या वेळी तुमचं तुम्ही करा.

प्रश्न : डाव्या चाकाचेच पॅड संपले, उजवे चांगले आहेत. डावेच बदलू का? (घाटंजी)

उत्तर : नाही. एका ॲक्सलवरच्या, म्हणजे समोरच्या किंवा मागच्या जोडीतल्या, दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे. आणि डावेच का संपले याचं कारण वर पिनांच्या ठिकाणी लिहिलं आहे. ते शोधल्याशिवाय नवे पॅडही तसेच संपतील.

प्रश्न : ब्रेक दाबला का चुई-चुई आवाज येते. सारे म्हणतेत अजून दोन-तीन महिने चालते. मिस्तरी पॅड घासून देते, मग आवाज जाते. खरं आहे का? (दारव्हा)

उत्तर : आवाज जातो हे खरं. पॅड वाढत नाहीत हेही खरं. अनेक पॅडांना पोलादाची एक छोटी पट्टी मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजून पातळ झाला की ती डिस्कला लागते आणि किंचाळते. कंपनीने तुम्हाला पाठवलेला तो निरोप असतो. काही ठिकाणी ही पट्टी वाकवून देतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. मला याचा मनापासून राग आहे.

सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर आली आणि मग गेली, तर तो रात्रीच्या दवाने डिस्कवर चढलेला हलका गंज असू शकतो, त्याची काळजी नको. पण आवाज दिवसभर येत असेल तर चाक काढून पाहा. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो, मागची पत्र्याची पाटी सोडून. ३ मिलिमीटर उरले की नवे आणा. २ वर आल्यावर गाडी दारातच राहू द्या. किती किलोमीटर चालतात हे मला विचारू नका. नागपूर हायवेवर चालणारी गाडी आणि दर फर्लांगाला खड्डा, बकऱ्या नाहीतर गतिरोधक येणाऱ्या रस्त्यावरची गाडी यांचे पॅड सारखे झिजत नाहीत. मोजायचं ते मिलिमीटरमध्ये. आणि 'घर्र' असा लोखंडी आवाज येत असेल, तर हे वाचून झाल्यावर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.

प्रश्न : ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते. एक दुकानदार म्हणतो डिस्क लेथवर घासून देतो, दुसरा म्हणतो दोन्ही नव्याच टाका. कोणाचं ऐकू? (पुसद)

उत्तर : दोघांचंही नको, डिस्कचं ऐका. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर तिची कमीत कमी जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने चार-पाच ठिकाणी जाडी मोजून घ्या. लेथवर घासल्यानंतरही ती त्या आकड्याच्या वर राहणार असेल तर घासणं योग्य. खाली जाणार असेल तर डिस्क भंगारात. पातळ डिस्क लवकर तापते आणि तडकू शकते. मोजल्याशिवाय 'नव्या टाका' म्हणणारा आणि मोजल्याशिवाय 'घासून देतो' म्हणणारा, दोघंही तुमच्या पैशाकडे पाहत आहेत.

थरथर मात्र दर वेळी डिस्कच्या दोषाने येत नाही. डिस्क ज्या हबवर बसते तिथला गंज वायर ब्रशने न काढता नवी डिस्क चढवली, तर ती केसभर तिरपी बसते आणि काही दिवसांनी थरथर पुन्हा येते. पंक्चरवाला हवेच्या बंदुकीने नट वाट्टेल तेवढे आवळतो, त्यानेही हे होतं. नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळायचे. नवी डिस्क गंज लागू नये म्हणून तेल लावून येते. ते ब्रेक क्लीनरने, तो नसेल तर साबणाच्या गरम पाण्याने पूर्ण काढून कोरडं करा. काही जुन्या गाड्यांत डिस्क हबला मागून बोल्टने जोडलेली असते आणि ती काढायला बेअरिंग उघडावं लागतं. तशी गाडी असेल तर घरी हात घालू नका.

प्रश्न : ऑनलाइन अर्ध्या किमतीत 'सिरॅमिक' पॅड मिळतात. घेऊ का? (पांढरकवडा)

उत्तर : खोक्यावर सिरॅमिक छापायला काही लागत नाही. गाडीच्या कंपनीचे किंवा नाव असलेल्या ब्रेक कंपनीचे साधे पॅड, पावती देणाऱ्या दुकानातून घ्या. खोक्यावरचा पार्ट नंबर, छापील किंमत आणि सील पाहा. जुना पॅड सोबत न्या आणि आकार जुळवून पाहा.

प्रश्न : डबीतलं ब्रेक ऑइल कमी झालं. घरी इंजिन ऑइल आणि पॉवर स्टिअरिंगचं ऑइल आहे. थोडंसंच टाकायचं आहे, चालेल? बाजारात सुटं ब्रेक ऑइलही मिळते. (उमरखेड, दिग्रस, समुद्रपूर आणि आणखी काही ठिकाणांहून)

उत्तर : चालणार नाही. थोडंसंही नाही, एक चमचाही नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

घोटाळा नावापासून आहे. आपण सगळे, मीसुद्धा, ब्रेक 'ऑइल' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं हेही एक तेलच. ते तेल नाही. आपल्या गाड्यांतलं डॉट ३ किंवा डॉट ४ हे ग्लायकॉल ईथर जातीचं रसायन आहे, पाण्यात विरघळणारं. ब्रेकमधली रबरं याच रसायनासाठी बनवलेली असतात. पेडलच्या जोराने दाब तयार करणाऱ्या मास्टर सिलिंडरचे कप, कॅलिपरच्या पिस्टनचं सील, मागच्या व्हील सिलिंडरची रबरं आणि होज, सगळीच. त्यांना खनिज तेल लागलं, मग ते इंजिनचं असो, स्टिअरिंगचं असो, डिझेल असो की धुवायला वापरलेलं रॉकेल, की ती फुगतात आणि लिबलिबीत होतात. परत जाग्यावर येत नाहीत.

अशी एक जीप माझ्याकडे ओढत आणली होती. लग्नाच्या वऱ्हाडात निघायच्या आधी ड्रायव्हरने डबी कमी दिसली म्हणून हाताशी होतं ते इंजिन ऑइल ओतलं. त्या दिवशी काहीच झालं नाही, म्हणून तो निर्धास्त. दोन दिवसांनी गाडी जड चालायला लागली. मग चाकांतून वास यायला लागला आणि शेवटी चारही चाकं आवळून गाडी रस्त्यात उभी राहिली. मास्टर सिलिंडरचा कप फुगला की ऑइल डबीत परतायचं बारीक भोक बुजतं. पेडलवरून पाय काढला तरी दाब सुटत नाही, ब्रेक लागलेलेच राहतात, तापतात आणि आणखी आवळतात. त्या जीपचं मास्टर सिलिंडर, कॅलिपरची सीलं, व्हील सिलिंडर आणि सगळे होज बदलावे लागले, पाइप धुवावे लागले. वाचवलं काय होतं? ब्रेक ऑइलच्या एका छोट्या बाटलीचे पैसे.

शंका असेल तर एक घरगुती तपासणी आहे. डबीतले चार थेंब काचेच्या पेल्यात पाण्यावर टाका आणि ढवळा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाईल. वर तवंग तरंगला तर त्यात तेल गेलं आहे. मग गाडी सुरूही करू नका, मेकॅनिकला बोलवा. तो पेला नंतर फेकून द्या, हे रसायन विषारी आहे.

आता ते कमी का झालं. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्यामागची वाढलेली जागा भरायला डबीतलं ऑइल खाली जातं. म्हणजे पातळी हळूहळू उतरली तर आधी पॅड पाहायचे. वरून भरत राहिलात तर इशारा बुजवून टाकता. पण पातळी चार-आठ दिवसांत उतरली तर गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का पाहा आणि गाडी त्याच दिवशी दाखवा.

तिसरी गोष्ट कोणी विचारतच नाही. हे रसायन हवेतलं पाणी शोषून घेतं. आपल्याकडे मे महिन्यात घसा कोरडा पडतो, पण पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीच असते. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते. त्यात पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर कॅलिपर तापला की जुनं ऑइल आतच उकळतं आणि त्याची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. पेडल तळाला टेकतं आणि गाडी तशीच पुढे जाते. नवे पॅड, नवी डिस्क, सगळं असून. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदला, गाडी दारात उभी असली तरी.

सुटं ऑइल म्हणाल तर उघड्या कॅनमधलं ऑइल कधीपासून हवा पीत आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सीलबंद छोटी बाटली घ्या. उरलेलं वर्षभर गोठ्याच्या कोनाड्यात ठेवून पुन्हा वापरू नका. डॉट कोणतं ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेच टाका. डॉट ५ हे वेगळं, सिलिकॉनचं असतं. ४ पेक्षा ५ मोठा म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका. ऑइल बदलून हवा काढायला दोन माणसं लागतात आणि त्या वेळी डबी रिकामी होऊन चालत नाही. एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत हवा शिरली तर ती काढायला बहुधा संगणकी यंत्र लागतं. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झालं, म्हणजे तुमची गाडी त्यानंतरची असेल तर हे काम सर्व्हिस सेंटरलाच द्या.

प्रश्न : नवे पॅड टाकले, गाडी काढली आणि पहिलाच ब्रेक दाबला तर पेडल खाली गेलं. गाडी फाटकावर आदळली. पॅड खराब निघाले का? (वणी)

उत्तर : पॅड नाही, पद्धत चुकली. पिस्टन आत ढकललेले असतात, पहिल्या काही दाबण्यांत ते नुसते जागेवर येतात. इंजिन सुरू करण्याआधीच पेडल कडक होईपर्यंत दाबत राहायचं, नंतर डबीतली पातळी पाहायची, मग गाडी हलवायची. पेडल अजूनही मऊ असेल तर आत हवा आहे. गाडी चालवू नका, दाखवून घ्या.

नवे पॅड डिस्कवर बसवावेही लागतात. मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम ब्रेकने वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, अर्धा मिनिट चालू द्या आणि पुन्हा करा. असं आठ-दहा वेळा. मग न थांबता सावकाश चालवून थंड होऊ द्या. सुरुवातीचे एक-दोनशे किलोमीटर गाडी थांबायला जागा जास्त लागेल असं धरून चाला. संध्याकाळी वावराच्या कडेने रोही (नीलगाय) आडवा येतो तेव्हा तुमचे पॅड नवे आहेत हे त्याला माहीत नसतं. शंभर किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा तपासा.

प्रश्न : चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरताना डिझेल वाचावं म्हणून गाडी न्यूट्रल करून बंद करतो. ब्रेक चांगले आहेत. हरकत आहे का? (अंजनगाव)

उत्तर : हरकत आहे, आणि तुमच्यासोबत बसणाऱ्यांच्या वतीने आहे. इंजिन बंद झालं की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबण्यांपुरतीच शक्ती उरते. त्यानंतर पेडल दगड होतं. स्टिअरिंगही जड होतं. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. तेवढ्या घाटाचा सगळा भार पॅडांवर टाकला की वर लिहिलेलं उकळणं तिथेच घडतं. आणि गाडी गिअरमध्ये असताना, पाय ॲक्सिलरेटरवर नसेल तर आजची इंजिनं उतारावर जवळजवळ डिझेल घेतच नाहीत. वाचतच नाही काही. ज्या गिअरने घाट चढता त्याच गिअरने उतरा.

प्रश्न : घाट उतरून डिस्क तापली की त्यावर पाणी मारावं का? (धारणी)

उत्तर : नाही. डिस्क वाकते, तडकते. हँडब्रेकही लगेच ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

प्रश्न : मागच्या ड्रमचे लायनरही मीच बदलू का? (राळेगाव)

उत्तर : नको. स्प्रिंगा, ॲडजस्टर, हँडब्रेकची केबल, सगळं आत दाटीत असतं आणि एक स्प्रिंग उलटी लागली तर चाक जाम होतं. मागे डिस्क असेल तर तिथला पिस्टन अनेक गाड्यांत फिरवत आत न्यावा लागतो. नुसता दाबलात तर मोडेल. बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाडीला तर हातच लावू नका.

प्रश्न : माझे मिस्टर बाहेरगावी असतात, गाडी मीच गॅरेजला नेते. पॅड खरंच बदलले की नुसतं बिल लावलं, हे मला कसं कळणार? (हिंगणघाट)

उत्तर : ताई, गाडी देतानाच सांगा की जुने पॅड मला परत हवेत. नव्या पॅडांचं खोकंही मागा आणि त्यावरचा पार्ट नंबर बिलाशी जुळवा. एका ॲक्सलचे जुने पॅड चार असतात. चारही हातात घेऊन पाहा. सारखे झिजलेले असतील तर ठीक. एक पातळ आणि तीन जाड असतील तर विचारा, पिना साफ केल्या का? उत्तर 'हो' आलं तरी चाक उतरवून दाखवायला सांगा. ते त्याच वेळी, गाडी गॅरेजमध्येच असताना.